आवडती रहस्यकादंबरी पडद्यावर आली की ती जोखायची कशी

आवडत्या रहस्यकादंबरीवरचा सिनेमा बघून उठणाऱ्या वाचकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "पुस्तकात असं नव्हतं." मग यादी सुरू होते. डिटेक्टिव्हच्या मिशा चुकल्या, एक बाई गाळली, तो पाठलाग कुठून आणला कोण जाणे. तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांच्यावरून रूपांतर जमलं की फसलं हे कळत नाही. पुस्तकाबरहुकूम काढलेला सिनेमा रहस्यकथा म्हणून साफ पडू शकतो आणि गाव, काळ, माणसं सगळं बदलूनही मूळ कथेचा जीव शाबूत राहू शकतो.

रहस्यकादंबरीत लेखक वाचकाशी एक करार करतो. उकल करायला जे जे लागेल ते तुझ्या डोळ्यांसमोर ठेवीन, फक्त ठेवताना तुझं लक्ष दुसरीकडे असेल. पडद्यावर हा करार पाळला गेला का, ते तपासलं की रूपांतर जोखलं जातं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनगटात याची एक पद्धत बसली आहे, तीच इथे मांडतो. उदाहरणाला अगाथा ख्रिस्ती यांची १९३४ सालची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' घेतली आहे. तिची १९७४, २०१० आणि २०१७ अशी तीन गाजलेली रूपांतरं आहेत आणि तिघांनी तीन वेगळे रस्ते धरले आहेत. खुनी कोण हे या लेखात कुठेही येणार नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनीही निर्धास्त वाचावं.

आधी पुस्तक, पण वही घेऊन

सिनेमाच्या आदल्या रात्री पुस्तक संपवू नका. वाक्यं इतकी ताजी असतात की तुम्ही सिनेमा न बघता गाळलेले संवाद मोजत बसता. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. पुस्तक हाती नसेल तर नाशिककरांना लांब जायला नको. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', आहेच. शक्य असेल तर मराठी अनुवाद आणि इंग्रजी मूळ दोन्ही चाळा.

हे वाचन शेवट ठाऊक असलेल्या माणसाचं वाचन आहे. शेवट माहीत असताना गोष्ट पुन्हा अनुभवणं आपल्याला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा राजाचं पुढे काय होतं हे प्रेक्षकांना कीर्तनांतून, आजीच्या गोष्टींतून पाठ होतं. ते फक्त कसं दाखवतात ते बघायला आले होते. रहस्यकादंबरीचं दुसरं वाचन नेमकं असंच होतं. आता 'कोण' यात रस उरत नाही, 'माझ्यापासून हे कसं लपवलं' हे बघायचं असतं.

वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात सुगावा, दुसऱ्यात तो कशाच्या आड लपवला आहे आणि तिसऱ्यात त्याचा खरा अर्थ कुठे उघड होतो. ओरिएंट एक्सप्रेसमध्ये मयताच्या डब्यात काय काय सापडतं बघा: 'एच' अक्षर विणलेला उंची रुमाल, पाइप साफ करायची काडी, सव्वावाजता बंद पडलेलं घड्याळ, जळालेला कागद. शिवाय गाडीत कोणीतरी पाहिलेला लाल किमोनो आणि कंडक्टरच्या गणवेशाचं एक बटण. यातलं खरं किती आणि मुद्दाम पेरलेलं किती, हे वहीत वेगळं करा. चांगल्या रहस्यकथेत हुलकावणीलाही स्वतःचं कारण असतं, ती कोणीतरी काहीतरी साधण्यासाठी दिलेली असते. ते कारण तुम्हाला एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. सिनेमात हुलकावणी राहते आणि तिचं कारण गळतं, असं फार वेळा होतं, आणि ते पकडायला ही ओळ उपयोगी पडते.

वही भरली की तिच्यातून दोन-चार गोष्टी निवडा, ज्या हलल्या तर कादंबरीच हलेल. पूर आला की आपण अख्खी गोदावरी मोजत बसत नाही, नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघतो. कादंबरीतले असे मारुती आधीच ठरवून घ्या. ओरिएंट एक्सप्रेसचे माझे चार आहेत. गाडी युगोस्लाव्हियात विंकोवची आणि ब्रॉद यांच्यामध्ये बर्फात अडकते आणि बाहेरच्या बर्फावर पावलांचे ठसे नसतात, म्हणजे खुनी गाडीतच आहे. मयताच्या अंगावरच्या जखमा एकमेकींशी जुळत नाहीत, काही खोल, काही नुसत्या ओरखड्यासारख्या. तपास जवळजवळ सगळा एका डायनिंग कारमध्ये बसून, एकेका प्रवाशाला बोलावून होतो. आणि शेवटी डिटेक्टिव्ह पॉयरोपुढे असा प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर नुसत्या हुशारीने देता येत नाही. यादी छोटी ठेवा. मिशा, टोप्या, बायकांचे पोशाख तिच्यात घालू नका. खुद्द ख्रिस्तीबाईंना १९७४चा सिनेमा आवडला होता, मिशांबद्दल मात्र त्यांची तक्रार होती. ती त्यांनी करावी, त्यांचा हक्क आहे. आपण तिच्यावर निकाल देऊ नये.

पहिल्यांदा बघताना एक कोरा प्रेक्षक शेजारी हवा

पहिल्या वेळी वही कपाटात. सिनेमा सिनेमासारखा बघा, मोबाईलवर तर अजिबात नको. जुन्या रहस्यपटात सुगावा अनेकदा चौकटीच्या कडेला, अर्धवट उजेडात असतो. चार बोटांच्या पडद्यावर तो दिसतच नाही आणि मग आपण दिग्दर्शकाला दोष देतो.

तुम्हाला शेवट माहीत आहे, त्यामुळे करार पाळला गेला की नाही हे तुम्हाला एकट्याला सांगता येणार नाही. प्रत्येक सुगावा तुम्हाला ओरडून सांगितल्यासारखा दिसणार. म्हणून पुस्तक न वाचलेलं एक माणूस सोबत घ्या. त्याला काही सांगायचं नाही, भुवयाही उंचावायच्या नाहीत. डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत गोळा करतो, तिथे सिनेमा थांबवा आणि त्याला एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायला सांगा: संशय कोणावर, आणि कशावरून.

'कोणावर' पेक्षा 'कशावरून' महत्त्वाचं. एकदा आम्ही अशाच एका रहस्यपटाला शेजारच्या काकूंना बसवलं. चिठ्ठीवर नाव अचूक होतं. कौतुक करत आम्ही कारण विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अहो, एवढा मोठा नट नुसता चहा प्यायला आणलाय होय?" त्यांनी एकही सुगावा वापरला नव्हता. कथेनं जे दीड तास जिवापाड झाकलं, ते पात्रनिवडीनं पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं होतं. पुस्तकात सगळ्या संशयितांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेली असतात, पडद्यावर चेहऱ्यांचं वजन वेगवेगळं असतं. १९७४च्या सिनेमाचे दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी यावर रोखठोक उपाय केला. लॉरेन बकॉल, इनग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, व्हेनेसा रेडग्रेव्ह, अँथनी पर्किन्स, जॉन गिलगुड असे एकाहून एक मोठे लोक एका डब्यात बसवले. सगळेच तारे, मग नजर कोणा एकावर अडकणार? तेव्हा 'नावं मोठी आहेत' एवढ्यावर नाक मुरडू नका, ती सगळीकडे सारखी वाटली आहेत का ते बघा.

कोऱ्या प्रेक्षकाचं उत्तर चुकलं, पण उकल ऐकून तो "अरे, ते तर दाखवलं होतं!" म्हणाला, तर करार पाळला गेला. "हे कधी दाखवलं?" असं विचारलं, तर मोडला. माझ्या मते एवढी एक कसोटी बाकी सगळ्यांपेक्षा वरची आहे.

माहिती कोणत्या क्रमाने मिळते

आता दुसऱ्यांदा बघा, वही उघडून. चौथा रकाना पाडा: हा सुगावा पडद्यावर कधी येतो. रूपांतरातले सगळ्यात मोठे बदल इथे असतात आणि ते चटकन लक्षात येत नाहीत, कारण घटना त्याच राहतात, फक्त आपल्याला कळण्याची वेळ बदलते.

कादंबरी सुरू होते हिवाळ्यातल्या एका पहाटे, सीरियातल्या अलेप्पो स्टेशनच्या फलाटावर. खून होतो, मयत कोण ते माहीत नाही, आणि मग जळालेल्या कागदाचा तुकडा हाती लागतो. इथे पॉयरो काय करतो ते मला दर वेळी वाचावंसं वाटतं. तो बायकांची जुन्या पद्धतीची टोपीची पेटी मागवतो. तिच्यात टोपीला आकार राहावा म्हणून तारेच्या जाळीचे उंचवटे असतात. ती जाळी काढून चपटी करतो, दोन जाळ्यांमध्ये तो कोळसा झालेला तुकडा धरतो आणि मिशा कुरळ्या करायच्या चिमट्याने तो स्पिरिटच्या दिव्यावर नेतो. क्षणभर काही शब्द उजळतात, त्यात एका लहान मुलीचं नाव असतं, आणि कागद राख होतो. त्या क्षणी वाचकाला पहिल्यांदा कळतं की या खुनामागे अमेरिकेतलं एक जुनं अपहरण आहे.

ल्युमेट ही माहिती तिथपर्यंत राखून ठेवतच नाहीत. त्यांचा सिनेमा सुरूच त्या अपहरणाने होतो: रात्रीची हवेली, वर्तमानपत्रांचे मथळे, अस्वस्थ करणारं संगीत. कागद उजळतो तोवर प्रेक्षकाला ते नाव ओळखीचं झालेलं असतं. म्हणजे कादंबरीतला एक धक्का सिनेमानं स्वतःहून सोडून दिला. हा विश्वासघात म्हणायचा का?

मी म्हणणार नाही. वाचकाला नाव कळल्यावर तो पुस्तक मिटून विचार करू शकतो, दोन पानं मागे जाऊ शकतो. प्रेक्षकाची गाडी थांबत नाही. अपहरणाची हकीकत मध्येच कोणीतरी बसून सांगितली असती तर ती नुसती माहिती राहिली असती. आधी दाखवल्यामुळे त्या घराचं दुःख आपल्याबरोबर गाडीत चढतं. एक धक्का देऊन त्यांनी पूर्ण सिनेमाभर पुरेल अशी भावना मिळवली, आणि उकलीला लागणारी दुसरी एकही गोष्ट आधीच फोडली नाही. क्रम बदललेला दिसला की असा हिशेब मांडा: काय दिलं, काय मिळालं.

सत्यजित राय यांचं उदाहरण याहून पुढचं आहे, कारण तिथे लेखक आणि दिग्दर्शक एकच. 'सोनार केल्ला' या १९७१ सालच्या, फेलूदा या डिटेक्टिव्हच्या कादंबरीत खलपुरुषांची ओळख शेवटपर्यंत झाकलेली आहे. १९७४ साली त्यांनी स्वतःच सिनेमा काढला आणि त्यात ती ओळख प्रेक्षकाला लवकरच करून दिली. आता प्रश्न 'कोण?' असा राहत नाही. आपल्याला माहीत आहे, फेलूदाला माहीत नाही, आणि कथेतला लहान मुलगा त्या खलपुरुषांच्याच सोबत प्रवास करतो आहे. काळजाचा ठोका तिथे चुकतो. लेखकानेच आपला करार जाणूनबुजून बदलून नवा केला आणि नवा नीट पाळला. पुस्तकाला घट्ट चिकटून राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ही जोडी जरूर वाचावी आणि पाहावी.

प्रथमपुरुषी निवेदन असेल तर आणखी सावध राहा. पुस्तकात 'मी' जे सांगतो तेवढंच आपल्याला दिसतं, कॅमेरा मात्र त्या 'मी'लाही बाहेरून दाखवतो. काही अभिजात कादंबऱ्यांचं सगळं रहस्य या फरकावर उभं आहे. त्यांची नावं घेत नाही, इथे घेतली तरी शेवट फुटेल.

डोक्यात चाललेलं पडद्यावर कसं आणतात

ओरिएंट एक्सप्रेसचे तीन भाग आहेत: घटना, साक्षी, आणि पॉयरो मागे टेकून विचार करतो. मधला भाग म्हणजे एकामागून एक जबान्या. वाचताना यात मजा असते, पडद्यावर मात्र एका टेबलापाशी माणसं येतात आणि उठून जातात, एवढंच दिसतं. दिग्दर्शकाची खरी परीक्षा इथे आहे.

ल्युमेट यांनी ती अभिनयावर सोपवली. बर्गमन यांची जबानी जवळपास पाच मिनिटं एका सलग शॉटमध्ये आहे, कॅमेरा हलत्या चेहऱ्यामागे सरकत राहतो, कुठे तोडत नाही. तोडला असता तर दिग्दर्शकानं आपल्याला 'इकडे बघ' सांगितलं असतं. न तोडल्यामुळे खरं-खोटं ठरवायचं काम आपल्यावर येतं, म्हणजे आपण पॉयरोच्या खुर्चीत बसतो. त्या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

केनेथ ब्राना यांनी २०१७ साली उलट केलं, जबान्या फोडून गाडीच्या आत-बाहेर पसरल्या. हिमस्खलनात गाडी उंच लाकडी पुलावर अडकते आणि पॉयरो एकाचा पाठलाग करत पुलाच्या सांगाड्यावरून खाली उतरतो. बघायला हे देखणं आहे, पण मला पटत नाही, आणि मिशांसारख्या कारणाने नव्हे. पहिला मारुती आठवा: बाहेर पावलं नाहीत, म्हणून वर्तुळ बंद. माणसं बाहेर धावू लागली, तिथे टेबल मांडून बसू लागली, की ते बंदपण नुसतं तोंडी उरतं.

याच सिनेमातला दुसरा बदल वरवर निरुपद्रवी दिसतो. पुस्तकातला कर्नल आणि डॉक्टर अशी दोन माणसं इथे एक केली आहेत. पात्रं कमी करणं गैर नाही, दोन तासांत तेवढे चेहरे लक्षात ठेवणं कठीणच. पण एकत्र करण्याआधी दोघांचं काम काय ते बघायला हवं. पुस्तकातला डॉक्टर संशयितांच्या बाहेरचा आहे, पॉयरो ज्यांच्याशी मोकळेपणी बोलतो त्या दोघांपैकी एक. जखमांबद्दल तो सांगतो ते आपण बिनशर्त मानतो. सिनेमात तीच माहिती एका संशयिताच्या तोंडून येते. पात्र गळलं याचं दुःख नको, त्याच्याबरोबर एक विश्वासू साक्षीदार गळला का, हे विचारा.

डेव्हिड सुशे पॉयरो झालेत त्या टीव्ही मालिकेतला २०१०चा भाग कोड्याच्या खटपटीत फार पडत नाही. सुरुवातीलाच पॉयरोच्या कठोर शब्दांनंतर एक लष्करी अधिकारी जीव देतो, पुढे इस्तंबूलच्या रस्त्यावर जमाव एका बाईला दगड मारतो. दोन्ही प्रसंग पुस्तकात असे नाहीत. पण माझ्या यादीतल्या चौथ्या गोष्टीकडे, त्या शेवटच्या प्रश्नाकडे, ते पहिल्या मिनिटापासून बोट दाखवतात. पूर्वार्ध कोरडा वाटला तरी शेवटच्या वीस मिनिटांत तिन्हींमध्ये हाच मला जास्त हलवून जातो. अर्थात कोड्याचा आनंद शोधणाऱ्याला १९७४चाच बरा वाटेल आणि तो चुकीचा नसेल.

डब केलेली आवृत्ती बघणार असाल तर एवढं सांभाळा: रुमालावरचं अक्षर डोळ्यांना दिसलं पाहिजे, नुसतं ऐकून भागत नाही. अशा ठिकाणी मूळ आवाज आणि सबटायटल बरे.

गाव बदललं तर

आपल्याकडे परदेशी रहस्यकथा देशी मातीत आणण्याची जुनी रीत आहे. १९६२चा 'बीस साल बाद' शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'वर सैलपणे बेतलेला. शिकारी कुत्रा गेला, डार्टमूरची दलदल गेली, त्या जागी हवेली, रात्रीचा माळ आणि गाणारी सावली. वरून बघितलं तर काहीच उरलं नाही. पण मूळ दंतकथा काढून वाचा: बास्करव्हिल घराण्यातल्या एका माजलेल्या पुरुषानं शेतकऱ्याची पोर पळवून आणली, त्यातून शाप आला. सिनेमातही घराण्याच्या मागे लागलेलं भूत एका ठाकुरानं नासवलेल्या मुलीचं आहे. कुत्रा टाकला, पण कुत्र्यामागचं पाप ठेवलं. जागा बदललेली दिसली की मूळ जागा कथेत कोणतं काम करत होती ते लिहा आणि नवी जागा ते करते का ते बघा.

शेवट

शेवट बदलला म्हणून लगेच संतापू नका. 'अँड देअर वेअर नन' या १९३९च्या कादंबरीचं नाटक ख्रिस्तीबाईंनी स्वतः १९४३ साली केलं तेव्हा शेवट बदलला, आणि १९४५च्या सिनेमाने नाटकाचा शेवट घेतला. बीबीसीच्या २०१५च्या मालिकेने मात्र कादंबरीच्या शेवटाकडे परत जाण्याचं धाडस केलं. मला तिचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्या कथेतली थंड भीती तिथेच पुरी होते. तपासायची गोष्ट एकच: नवा शेवट आधीच्या सुगाव्यांवर उभा राहतो का? वहीतला पहिला रकाना घ्या आणि प्रत्येक सुगावा नव्या खुन्याला किंवा नव्या उकलीला लावून बघा. तीन-चार सुगावे लोंबकळत राहिले तर शेवट नुसता चिकटवलेला आहे.

निकाल लिहिताना

दोन निकाल वेगवेगळे द्या: सिनेमा म्हणून कसा आणि रूपांतर म्हणून कसा. ब्राना यांचा सिनेमा मी पहिल्यात बरा म्हणेन, दुसऱ्यात खाली ठेवेन. सुशे यांच्या भागाचं उलट. एकच आकडा दिला की हा फरक पुसला जातो.

गटात चर्चा असेल तर पुस्तक न वाचलेल्यांना आधी बोलू द्या. वाचलेले एकदा सुरू झाले की बाकीचे गप्प होतात आणि सगळ्यात मोलाची साक्ष हातची जाते. आणि चर्चेबाहेर, कुठेही लिहिताना, खुन्याचं नाव, जखमांची संख्या, शेवटच्या दृश्यात कोण असतं, यातलं काही फोडू नका. उदाहरण हवंच असेल तर गोष्टीच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांशातलं घ्या. तिथपर्यंतचं कळल्याने पुढच्या वाचकाचं काही बिघडत नाही.